आधी पाणी मोजा, मग बी आणा: मराठवाड्यातल्या अंगणातली भाजी

भाकरी तव्यावर टाकली की मी अंगणात जाते. मूठभर कोवळी मेथी मुळासकट उपटायची, दोन पाण्यांत खळखळून धुवायची, मुळं तोडायची आणि विळीवर बारीक चिरायची. त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. झाला घोळाणा. तोवर भाकरी फुगलेली असते. बाजारातली मेथी पहाटे काढलेली, पाणी मारून गोणपाटात दाबलेली असते. तिची भाजी चांगली होते, पण तिचा घोळाणा असा लागत नाही.

घरी भाजी लावायची ती या दहा मिनिटांसाठी. पैसे वाचतील म्हणून सुरुवात करणार असाल तर आधीच सांगते, पहिल्या वर्षी वाचत नाहीत. खुरपं, झारी, शेणखत, बी यांत जेवढे जातात तेवढ्यात वर्षभराची मेथी येईल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हिशेब जमायला लागतो, पण तोवर तुम्ही हिशेब ठेवणं सोडलेलं असतं.

पाण्याचा हिशेब

परसबागेचे बहुतेक लेख बियांच्या यादीने सुरू होतात. आपल्याकडे सुरुवात बादलीने करावी लागते. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात माझी सगळी बाग गेली. राहिली ती दोनच झाडं, शेवगा आणि कढीपत्ता. त्यानंतर मी बाग पाण्याच्या मापाने आखते.

ते असं करायचं. आठवडाभर स्वयंपाकघरातलं भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा आणि रोज मोजा. आमच्या चौघांच्या घरात ते बावीस लिटरच्या आसपास भरतं. उन्हाळ्यात आच्छादन केलेल्या वाफ्याला चौरस मीटरला रोज साधारण चार-पाच लिटर पाणी लागतं, हिवाळ्यात त्याच्या निम्मं. म्हणजे बावीस लिटरवर उन्हाळ्यात पाच चौरस मीटर, म्हणजे पन्नास-पंचावन्न चौरस फूट जागा निभते. हिवाळ्यात त्याच पाण्यावर शंभर फूट होते. माझी बाग एवढीच आहे. अंगण याच्या तिप्पट आहे, पण ते मोकळं राहिलं तरी चालतं. अर्धी वाळलेली मोठी बाग पाहवत नाही.

साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका. आंघोळीचं पाणी केळी, पपई, शेवगा अशा मोठ्या झाडांच्या आळ्यात सोडा. मोरीच्या तोंडाशी अळू लावायची जुनी रीत याच हिशेबाची आहे. फिल्टरच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी वाफ्याला रोज देऊ नये, त्यात क्षार दाट झालेले असतात. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड, मडक्यावर पांढरे थर बसवणारं. त्यात आणखी भर नको.

पावसाचं पाणी मात्र जमेल तेवढं धरा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाचशे चौरस फुटांचं स्लॅब असेल तर सातशे मिलिमीटरच्या पावसाळ्यात बत्तीस हजार लिटरच्या वर पाणी त्यावर पडतं. सगळं साठवणं होत नाही, पण पन्हाळीखाली दोनशे लिटरचा एक ड्रम ठेवला तरी जुलै-ऑगस्टमधली पावसाची उघडीप निघून जाते. ड्रमवर जाळी बांधा, नाहीतर भाजीच्या आधी डास येतील.

जागा

फळभाजीला रोज पाच-सहा तास ऊन हवं. पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. आपल्याकडे अडचण उलटी असते, ऊन जास्त होतं. म्हणून घराच्या पूर्वेकडची जागा सगळ्यात चांगली. सकाळचं ऊन मिळतं आणि तीननंतर घराची सावली पडते. पश्चिमेच्या भिंतीलगत वाफा केला तर मार्चपासून ती भिंत तव्यासारखी तापते.

गच्चीवर करणार असाल तर ओल्या मातीचं वजन लक्षात घ्या. वीस लिटरची भरलेली पिशवी तीस किलोच्या घरात जाते. पिशव्या मधोमध न ठेवता भिंतींच्या आणि बीमच्या रेषेत ठेवा. घर जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं असेल तर वर बाग करूच नका.

काळ्या मातीशी जुळवून घेणं

आपली काळी माती कसदार आहे, पण तिला दोन खोडी आहेत. भिजली की चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. पुष्कळ लोक त्यात वाळू मिसळतात. थोडी वाळू घातलेली चिकण माती सुकल्यावर विटेसारखी होते, मी करून बसले आहे. त्यापेक्षा कुजलेलं खत आणि पालापाचोळा भरपूर घाला.

मे महिन्यात जागा वीतभर खोल खणून ढेकळं तशीच उन्हात तापू द्या. रोहिणीचा एखादा वळीव पडला की ढेकळं आपोआप फुटतात, तेव्हा ती दंताळ्याने सारखी करा. मग दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत या अंदाजाने कालवून जमिनीपेक्षा सहा इंच उंच वाफा करा. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. एकदा केलेल्या वाफ्यात पाय ठेवायचा नाही. हा नियम घरातल्या पोरांना आणि शेजारच्या कोंबड्यांनाही लागू आहे, पण कोंबड्या ऐकत नाहीत. तीन फुटी जाळी लावा.

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता पावसाच्या मातीचा वास यायला हवा. एका वर्षी मी घाईने अर्धकच्चं खत टाकलं. त्यातून आलेल्या हुमणीच्या अळ्यांनी वांग्याची नऊ रोपं मुळाशी खाल्ली. रोप सकाळी ताजं दिसायचं, दुपारी मान टाकायचं, आणि उपटलं की खाली मूळच नसायचं.

घरचं खत करायचं असेल तर दोन जुन्या बादल्यांना बुडाला भोकं पाडा. भाजीची देठं-सालं यांचा एक थर आणि त्याच्या दुप्पट वाळका पाला असं करत एक बादली भरा. ती भरली की झाकून ठेवा आणि दुसरी सुरू करा. आठवड्यातून एकदा वरखाली हलवा. वास आला तर वाळका पाला कमी पडला आहे, कोरडं राहिलं तर पाणी शिंपडा. आपल्याकडच्या उष्णतेत तीन महिन्यांत खत तयार होतं.

काय लावायचं आणि काय नाही

कागदावर दोन प्रश्न लिहा. आठवड्यातून दोनदा तरी आपल्या घरात काय शिजतं? आणि तोडल्यावर दोन-तीन तासांत कशाची चव उतरते? दोन्ही यादींत येईल तेच लावा. आमच्या घरी मेथी, कोथिंबीर, पालक, अंबाडी, भेंडी, गवार, वांगी, मिरची आणि एक दोडक्याचा वेल. कांदा, बटाटा, कोबी मी लावत नाही. बाजारात ते चांगले मिळतात, जागा फार खातात आणि ताजे-शिळे असा फरक ताटात कळत नाही. टोमॅटोचं मला कौतुक आहे, पण पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागू नका, त्याचे लाड फार.

भेंडीसाठी संकरित बियाण्याऐवजी 'परभणी क्रांती' मागा. हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण. पांढरी माशी पसरवते तो, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा हळद्या रोग सोसावा म्हणून ते तयार केलं होतं. सुधारित वाण असल्याने त्याचं बी घरी धरता येतं. पाकिटावरची तारीख मात्र बघून घ्या. मला एकदा दुकानदाराने दोन वर्षांपूर्वीचं बी हसत हसत दिलं होतं, वीस दाण्यांतले तीन उगवले.

वेळापत्रक ढोबळ असं. मृगाचा पाऊस झाला, वीतभर ओल गेली की भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, दोडका, कारलं. वांगी-मिरचीचं बी त्याच सुमाराला ट्रेमध्ये किंवा कुंडीत टाकायचं आणि चार-पाच आठवड्यांनी रोपं वाफ्यात लावायची. पाऊस ओसरला, रात्री गार व्हायला लागल्या की मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा आणि कोपऱ्यात हरभऱ्याच्या दोन ओळी. हरभरा दाण्यांसाठी नाही, शेंड्यांसाठी. शेंडे खुडले की झाड आणखी फुटतं आणि ती आंबट भाजी ताटात येते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी पुन्हा भेंडी, गवार, काकडी. एप्रिलनंतर नवं काही लावू नका.

मेथी-कोथिंबिरीपासून हात बसवा

नवख्याने पहिला वाफा ऑक्टोबरमध्ये मेथीचा करावा. २५ ते ३० दिवसांत भाजी हातात येते, धीर सुटत नाही.

वाफा आदल्या दिवशी भिजवा. डब्यातलीच मेथी घ्या, चौरस मीटरला चहाचे दोन चमचे, आणि रात्रभर पाण्यात ठेवा. बी फोकून टाकण्यापेक्षा चार-चार बोटांवर ओळी ओढा. खुरपणी सोपी होते. दाणा नखाच्या लांबीपेक्षा खोल जाऊ नये. वरून चाळलेलं खत भुरभुरा आणि झारीनेच पाणी द्या. पाइप लावला की सगळं बी एका कोपऱ्यात वाहत जातं. तीन-चार दिवसांत दोन पानी अंकुर दिसतील.

सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नका, ही चूक प्रत्येक जण करतो. मग महिन्याने अंगणभर मेथी होते, शेजारीही नको म्हणतात आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नसतं. वाफ्याचे तीन भाग करा आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक भाग पेरा.

कोथिंबिरीला धीर लागतो. एका धन्यात दोन बिया असतात. धने कापडावर पसरून लाटणं हलकं फिरवा, दोन डाळी सुट्या झाल्या पाहिजेत, भुगा नाही. रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि नेमकं सातव्या दिवशी माणूस वाफा उकरून बघतो. उकरू नका. मेमध्ये कोथिंबीर लावायचा हट्टही नको. उगवली तरी उन्हाने लगेच फुलावर येते.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून दीड-दोन फुटांच्या ओळीत, फूटभर अंतरावर, एका ठिकाणी दोन दाणे टोकायचं. दोन्ही उगवले तर अशक्त रोप नखाने खुडायचं, उपटायचं नाही, शेजारचं मूळ हलतं. वांग्याला दोन्हीकडून दोन फूट जागा द्या. रोप छोटं असताना हे अंतर उधळपट्टी वाटतं. रोप लावायची वेळ संध्याकाळची.

पाणी कसं द्यायचं

पहिल्या वर्षी मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. वांगी पिवळी पडली म्हणून आणखी घालत होते. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आगं, पाणी पाजायलीस का बुडवायलीस?"

तेव्हापासून बोट हे माझं मीटर. मातीत दोन पेरं बोट खुपसा. बोटाला ओल लागली तर आज पाणी नाही. काळी माती वरून भेगाळलेली दिसली तरी खाली ओल धरून असते. पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती बहुधा लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही. साचलेलं पाणीही त्यात भर घालतं. आधी पाणी कमी करा, खत वाढवा. त्यानेही भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा.

आच्छादनाने पाण्याची सगळ्यात जास्त बचत होते. सोयाबीनची रास झाली की गुळी, म्हणजे उरलेला भुसा, ढिगाने मिळते, उसाच्या गावात पाचट मिळतं. रोपं वीतभर झाली की दोन-तीन इंच जाडीचा थर द्या, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. पावसाळ्यात मात्र थर पातळ ठेवा, त्याखाली गोगलगायी लपतात. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनमध्ये शंखी गोगलगायींनी जे केलं ते आठवत असेलच. घरच्या बागेत उपाय सोपा आहे. संध्याकाळी ओलं गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून वाफ्याकडेला टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. विषारी गोळ्या अंगणात नकोत, कुत्री-मांजरं आणि लेकरं असतात.

उन्हाळ्यासाठी मडकं. कुंभाराकडून रंग न दिलेलं पाच-सात लिटरचं मडकं आणा, वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर परळ झाका. भोवती फूटभराच्या आत मिरची, वांगी किंवा काकडी लावा. मडकं झिरपत राहतं, मुळं त्याच्याकडे वळतात. दोन-चार दिवसांनी भरलं की झालं, गावाला जाता येतं. जड पाण्याने त्याची छिद्रं बुजतात, म्हणून एक-दोन हंगामांनी मडकं बदलावं लागतं.

वेल

दोडक्याला तुराट्यांचा मांडव किंवा जिन्याचा कठडा पुरतो. पहिली दहा-पंधरा फुलं गळून पडली की लोक औषध शोधायला लागतात. ती नर फुलं असतात, गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा दोडका आधीपासून दिसतो. तोही पिवळा होऊन गळत असेल तर परागीभवन होत नाही. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, पण दोडक्याचं आणि दुधीचं दिवेलागणीला. नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि त्याचा केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. अंधार पडताना मोबाईलचा उजेड धरून हे काम करताना पोरांना भारी मजा वाटते.

किडी

रोज सकाळी चहाचा कप घेऊन पानांची मागची बाजू बघत फिरा. निम्म्या किडी यातच आटपतात. मावा कोवळ्या शेंड्यावर दिसला की पाण्याच्या जोराने धुवा, मग चाळलेली राख भुरभुरा. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा खाली दोन बोटं घेऊन कापा आणि जाळून टाका, झाडाखाली टाकू नका. कारल्या-दोडक्याला फळमाशी डंख मारते, म्हणून फळ बोटाएवढं झालं की त्याला वर्तमानपत्राची पिशवी घाला.

फवारा लागलाच तर निंबोळीचा. जून-जुलैत लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तेव्हा गोळा करून गर धुवा आणि बिया सावलीत वाळवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया भरडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि ऊन उतरल्यावर फवारा. अर्क त्याच दिवशी संपवायचा.

तोडणी आणि ताट

भेंडी एक दिवसाआड तोडा. टोक वाकवल्यावर कटकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर बियांसाठी ठेवा. वांग्याची चकाकी गेली की आत बी धरलेलं असतं, ते भरल्या वांग्याला चालत नाही. गवार बोटाएवढी झाली की पुरे. पालक जमिनीपासून दोन बोटं वर कापा, पुन्हा फुटतो. अंबाडीची कोवळी पानं खुडत राहिलं की झाड झुडपासारखं पसरतं. ती पानं आधी वाफवून पिळून घ्यायची, मग ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवायची आणि वरून लसणाची खरपूस फोडणी. पानं पिळून आंबटपणा किती काढायचा हे ज्याच्या-त्याच्या घरावर. आमच्या घरी त्यावरून दोन पक्ष आहेत.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्याकडे भज्जी, म्हणजे शेंगा-दाण्यांची मिसळीची भाजी होते. त्या अमावस्येला शेतावरचे हरभरे, तुरीच्या शेंगा पिशव्या भरून येतात. मी अंगणातली दोन वांगी, मूठभर चवळीच्या शेंगा आणि मेथीची एक जुडी त्यात टाकते. एवढ्या मोठ्या पातेल्यात ती कुठे जातात कळत नाही. तरी वाढताना मी शोधते.

हंगामाच्या शेवटी प्रत्येक जातीचं एक निरोगी झाड तोडायचं थांबवा. ते शेवटचं रोगट झाड नको, मधलं, सगळ्यात जास्त फळलेलं हवं. भेंडीच्या शेंगा झाडावरच वाळून फुटायला लागल्या की काढा, बी सावलीत चार दिवस वाळवा आणि चाळलेल्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर नाव, महिना आणि वर्ष तिन्ही लिहा. नुसतं 'भेंडी' लिहिलं की पुढच्या जूनमध्ये ती कोणत्या वर्षाची यावर घरात वाद होतो आणि तोवर मृग निघून जातो.